बोलती भूल

माझ्या नवऱ्याचं नाव शीतल. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास चमकतो, म्हणून आधीच खुलासा करून टाकते. आमच्या भागातल्या जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं आणि डॉ. शीतल मगदूम यांना चांगल्या भरघोस मिशा आहेत. व्यवसायाने तो भूलतज्ज्ञ. गडहिंग्लजच्या भाषेत भुलीचा डॉक्टर.

भुलीच्या डॉक्टरला स्वतःचा दवाखाना नसतो. गावात हॉस्पिटलं बरीच, सर्जनही बरेच, भूल देणारा हा एकटा. कुणाचं सिझर, कुणाचं अपेंडिक्स. फोन यायचा, 'डॉक्टर, या', की हा हातातली भाकरी ताटात ठेवून बॅग उचलायचा. ऑपरेशनभर पेशंटच्या उशाशी बसून त्याचा श्वास सांभाळायचा आणि पेशंट नीट शुद्धीवर आला की पुढच्या हॉस्पिटलला निघायचा. डोळे उघडल्यावर पेशंटला दिसायचा सर्जन. पेढे सर्जनला, नारळ सर्जनला. एकदा मंडईत एका बाईने याला 'अहो भाऊ, सरका की जरा' म्हणून कोपराने ढकललं होतं. तिची तिन्ही बाळंतपणं याच्याच भुलीत झालेली. शीतल हसून सरकला. त्याला अशा गोष्टींचं काही वाटत नाही. ते वाटून घ्यायचं काम मी करते.

एक गोष्ट मात्र फक्त भुलीच्या डॉक्टरलाच मिळते. भूल चढताना आणि उतरताना माणसं बोलतात. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला आणि वर थोडं गुंगीचं औषध दिलं, तर तासभरसुद्धा बोलतात. त्या गुंगीच्या औषधाची गंमत अशी की माणूस जागा असतो, उत्तरं देतो, पण नवी आठवण मेंदूत साठवली जात नाही. आपण काय बोललो हे त्याला नंतर ठाऊकच नसतं. ते ठाऊक असतं फक्त उशाशी बसलेल्याला. अर्ध्या गडहिंग्लजचं असं बोलणं शीतलच्या पोटात होतं आणि त्यातला एक शब्दही त्याने कधी घरी आणला नाही. मी खोदून खोदून विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर यायचं, "टेबलावरचं टेबलावर."

इतरांच्या बाबतीत मला ते पटायचंही. फक्त आबांच्या बाबतीत पटत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. मी शीतलशी लग्न करते म्हटल्यावर ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. लग्नाला आले नाहीत. पुढे आईच्या आग्रहाने घरी यायला लागले, चहा घ्यायचे, नातवाचा अभ्यास घ्यायचे. माझ्याशी 'बरी आहेस?' 'बरी आहे' याच्या पलीकडे गाडी जात नसे. मग त्यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन निघालं. गावात भुलीचा डॉक्टर एकच, त्यामुळे आबांना जावयाच्या हाती पडणं भाग होतं. कमरेत इंजेक्शन, वर गुंगीचं औषध.

ऑपरेशन छान झालं. मी बाहेर दारातच उभी होते. शीतल बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं, "आबा काही बोलले?" तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "टेबलावरचं टेबलावर."

त्या दिवशी मला कळलं, आबा काहीतरी बोललेत. त्यानंतर काही वर्षांनी आबा गेले. माझ्याशी मोकळेपणाने न बोलताच गेले. त्यांचं माझ्याबद्दलचं जे काही होतं, ते जगात एकाच माणसाकडे उरलं होतं आणि तो माणूस रोज माझ्या शेजारी झोपून घोरत होता. मी पुष्कळदा विचारलं. रागावून विचारलं, रडून विचारलं, त्याच्या आवडीची भरली वांगी करून विचारलं. उत्तर तेच.

*

मग बोलती भूल आली.

औषधाचं खरं नाव लांबलचक आहे आणि गावात ते कुणालाच घेता येत नाही. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, तेव्हा फळ्यावर लिहिल्यासारखं सांगते. आपल्या मेंदूला आवरणारं एक रसायन आहे, गाबा. मज्जापेशी फार धावायला लागल्या की ते ब्रेक लावतं. हे ब्रेक सगळीकडे एकाच बनावटीचे नसतात. झोपेचे वेगळे, आठवण साठवणाऱ्या भागातले वेगळे, भीतीच्या भागातले वेगळे. जुनी भूल सगळ्यांवर एकदम पाय देते, म्हणून माणूस झोपतो, विसरतो आणि जास्त झाली तर श्वास घ्यायचंही थांबतो. नवं औषध फक्त भीतीच्या केंद्रातला ब्रेक दाबतं. हे केंद्र मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर असतं, साधारण बदामाएवढं.

त्याच्या जोडीला दुसरं इंजेक्शन. दुखण्याची खबर नेणाऱ्या बारीक नसांवर सोडियमची खास दारं असतात, ती हे इंजेक्शन बंद करतं. ही दारं स्नायूंच्या नसांवर नसतात, हृदयात नसतात. त्यामुळे स्पर्श कळतो, हातपाय हलतात, फक्त दुखत नाही. पेशंट टक्क जागा, घशात नळी नाही, उलट्या नाहीत, म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर भ्रम व्हायचा तो नाही. पोटातल्या मोठ्या ऑपरेशनला अजूनही जुनीच भूल लागते, कारण तिथे स्नायू सैल करावे लागतात. हर्निया, हाडं, गाठी, गुडघे यांना मात्र गेली चार-पाच वर्षं बोलतीच चालते.

हे नाव का पडलं ते सांगायला नकोच. भीती गेली की जीभ सुटते. कंपनीच्या माहितीपत्रकात 'संकोच कमी होण्याची शक्यता' एवढी एकच ओळ होती. गडहिंग्लजला ती फारच तोकडी पडली.

आणखी एक अडचण निघाली. सुरुवातीला एक गवंडी हाताचं हाड बसवून घेता घेता मध्येच उठला. बाहेर आपली मोटारसायकल कुणीतरी चालू केली असं त्याला वाटलं, म्हणून बघायला निघाला. भीतीच नसेल तर माणूस टेबलावर पडून कशाला राहील? ओळखीचा आवाज जवळ असला की पेशंट त्यात रमतो आणि स्वस्थ पडून राहतो असं दिसून आलं. तेव्हापासून नियम झाला, पेशंटने आपलं एक माणूस उशाशी बसवायचं. गावाने त्याला लगेच नाव दिलं, उशाचं माणूस.

झालं, गावाला नवा उद्योग मिळाला. कुणी कुणाला उशाला घेतलं याची चर्चा लग्नातल्या मानपानासारखी व्हायला लागली. बायका नवऱ्याला घेईनात, बहिणीला घेऊ लागल्या. सासूने धाकटीला बोलावलं म्हणून थोरली माहेरी जाऊन बसली. दोन सख्खे भाऊ होते, एकाचा गुडघा आणि उशाला दुसरा. गुडघेवाला सहज बोलून गेला, "दादा, बांध मीच सरकवलाय दोन हात." दादा म्हणाला, "ठाव हाय मला. गप पड." जुन्या भुलीत हे सगळं विसरलं गेलं असतं. आता बोलणाऱ्यालाही आठवतं आणि ऐकणाऱ्यालाही, आणि मग दोघांना एकाच घरी जावं लागतं. काही घरं त्यामुळे भांडली. बरीचशी सुधारली. शीतलचं म्हणणं, सुधारलेली जास्त. मी त्यावर वाद घालत नाही, कारण या नव्या भुलीने आमचं एक चांगलं केलं. उशाशी कोण बसलं होतं हे पेशंटला आता आठवतं. मंडईत माझ्या नवऱ्याला लोक नावाने हाक मारतात. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी नको असलेला फ्लॉवरही घेऊन आले, इतका मला आनंद झाला होता.

*

जड बॅगा उचलून उचलून शीतलला हर्निया झाला. त्याने तो दोन वर्षं दडवला. डॉक्टर लोक स्वतःच्या दुखण्याच्या बाबतीत अगदी खेडवळ असतात. शेवटी सर्जन हत्तरगींनी त्याला बाथरूममधून बाहेर पडताना पोट धरलेलं पाहिलं आणि तारीखच देऊन टाकली.

बातमी फुटली मात्र, आमच्या घरी माणसांची रीघ लागली. पहिले आले माजी नगराध्यक्ष बापूसाहेब रेडेकर, पेढ्यांचा खोका घेऊन.

"वहिनी, डॉक्टरास्नी कोल्हापूरला न्या," ते म्हणाले. "मोठं हॉस्पिटल हाय. तिथं कोण वळखीचं न्हाई... म्हंजे गर्दी न्हाई, असं म्हंतो मी."

"इथं हत्तरगी आहेत की."

"हत्तरगींचा हात चांगलाच हाय वो. पन थेटरात धा मानसं असत्यात. सिस्टर, बॉय, समदी गावातली." त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टर बोलती भूलच घेनार म्हनं?"

"होय. गावाला देतो ती स्वतःला नको म्हटलं तर लोक काय म्हणतील, असं म्हणतात ते."

बापूसाहेबांचा चेहरा पडला. मला खरं तर मजा वाटत होती. "तुमचं ऑपरेशन कधी झालं होतं, बापूसाहेब?"

"लई वर्षं झाली. मूळव्याध. जुनी भूल व्हती."

"मग काय बोलला होता तुम्ही तेव्हा?"

"त्येच तर ठाव न्हाई न्हवं!" बापूसाहेब कळवळून म्हणाले.

सगळ्यांची हीच पंचाईत होती. आपण काय बोललो हे आठवत नाही आणि ज्याला आठवतं त्याची भीती आता कुणीतरी सुईने काढून टाकणार. आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आले, पतपेढीचे चेअरमन आले, एक कीर्तनकारही येऊन गेले. प्रत्येकाने कोल्हापूरच्या हवेची तारीफ केली. पेढे मात्र छान होते.

लोक गेल्यावर मी मटार सोलत बसले. शीतल समोर येऊन बसला आणि माझ्यापुढचे दाणे खायला लागला.

"भूल रुबिना देणार आहे," तो म्हणाला. रुबिना जमादार त्याच्या हाताखाली शिकलेली. आता निपाणीत असते. "आणि उशाला तू बस."

"मी? गावात एक तरी नवरा बायकोला बसवतो का?"

"मला दुसरं कुणी नको."

मी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग विचारलंच. "आणि मी तुला विचारलं तर?"

काय, ते त्याला सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "विचारलंस तर बहुतेक सांगेन. ते औषध घेतलेला माणूस टाळाटाळ करत नाही, मंजू. मी शेकड्यांनी बघितलेत."

"मग माझ्याकडून वचन घे. विचारणार नाही म्हणून."

"नको."

"का?"

"वचन दिलंस तर तू पाळशील. आणि मग ते तसंच राहील तुझ्या मनात." तो उठला. "तुला वाटेल ते कर."

मला भयंकर राग आला. वचन घेतलं असतं तर माझी सुटका झाली असती. या माणसाने दार उघडं ठेवलं आणि वर मलाच राखण करायला बसवलं.

*

ऑपरेशनच्या दिवशी मला हिरवा गाऊन, टोपी आणि मास्क मिळाला. टोपीत केस बसेनात. सिस्टरांनी ते दामटून आत घातले. शीतल टेबलावर आडवा होता. आयुष्यभर जो उशाशी बसला तो आज खालून वर बघत होता, आणि छतावरचा दिवा मळलाय अशी तक्रार करत होता.

"सर, गप्प बसा. आज तुम्ही पेशंट आहात," रुबिना म्हणाली. तिने त्याच्या कपाळावर पट्टी लावली, बोटाला चिमटा लावला, तळहातावर एक छोटी चकती चिकटवली. कपाळावरून टिपलेले मेंदूचे तरंग, नाडी आणि तळहाताचा घाम यांचं गणित करून यंत्र पडद्यावर एक रेघ काढतं. ती रेघ म्हणजे भीती. शीतलची रेघ चांगलीच उड्या मारत होती. मला नवल वाटलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"घाबरलायस?" मी विचारलं.

"छे."

रेघेने आणखी एक उडी मारली. रुबिना मास्कमध्ये हसली आणि तिने औषध सोडलं.

रेघ हळूहळू खाली आली आणि आडवी झाली. शीतलच्या कपाळावर दोन भुवयांमध्ये एक आठी आहे. ती लग्नाच्या फोटोतही आहे. ती माझ्या डोळ्यांदेखत मिटली आणि मला माझा नवरा कसा दिसतो ते पहिल्यांदाच कळल्यासारखं झालं. फारच देखणा दिसत होता.

"मंजू," तो म्हणाला, "टोपीत तू भटारखान्यातल्या आचाऱ्यासारखी दिसतेस."

सगळं थिएटर हसलं. हत्तरगींनी कापायला सुरुवात केली. त्यांनी मध्ये कापडी पडदा बांधला होता, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं, नुसती हत्यारांची किणकिण.

"काय कळतंय का मगदूम?"

"कपाटात कुणीतरी कपडे हलवतंय असं वाटतंय. तुझा हात जड झालाय, हत्तरगी."

"मग आता एक सांगा बघू." हत्तरगींचा स्वभाव खट्याळ. तिकडे सिस्टरांनीही कान टवकारले. "आमच्या बापूसाहेबांनी मूळव्याधीच्या टायमाला काय सांगितलं वो तुमाला?"

मी पटकन खाली बघितलं. शीतलचा चेहरा मात्र अगदी प्रसन्न होता.

"टेबलावरचं टेबलावर," तो म्हणाला.

"बरं, माझ्या मेव्हण्यानं काय सांगितलं?"

"टेबलावरचं टेबलावर. हत्तरगी, हर्नियावरची जाळी नीट बसव. गप्पा नंतर मार."

रुबिना यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. रेघ आडवीच होती, जराही हलली नव्हती. "सर, तुम्हाला सांगावंसं वाटत नाही?" तिने विचारलं.

"नाही. का वाटेल?"

रुबिना माझ्याकडे झुकली. "मॅडम, हे औषध फक्त भीती काढतं. माणसाने भीतीमुळे जे आत ठेवलंय तेवढंच बाहेर येतं. लोकांच्या गोष्टी सांगायची सरांना भीती कुठं आहे? त्यांनी त्या नुसत्याच सांगितल्या नाहीत."

बाहेर जाऊन बापूसाहेबांना हे ओरडून सांगावंसं वाटलं मला. त्याच वेळी मनातली दुसरी गोष्टही लक्षात आली. म्हणजे मी विचारलं तरी उत्तर तेच येणार. किंवा कदाचित वेगळंही येईल. मी बाहेरची नव्हते. आबा माझे वडील होते. कदाचित माझ्यापुरता तो सांगेलही. त्याने स्वतःच म्हटलं होतं, बहुतेक सांगेन. विचारायला एक वाक्य पुरणार होतं आणि ते वाक्य मला इतक्या वर्षांत इतकं पाठ झालं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

शीतल खालून माझ्याकडे बघत होता. कपाळावर आठी नाही, डोळ्यांत आडपडदा नाही. नर्सरीतली मुलं शाळेच्या फाटकातून आईकडे बघतात तसा. पोट उघडं टाकून माझ्या भरवशावर पडला होता. अशा माणसाला काही विचारायची मला लाज वाटली. खरंच लाज वाटली. आबांचं माझ्याबद्दल जे काही होतं ते असू दे त्यांच्यापाशी, असं मी मनाशी म्हटलं आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. मग मी त्याला नववीच्या वर्गातल्या प्रयोगाची गोष्ट सांगायला लागले, ज्यात बीकर फुटून शिपाईमामांच्या धोतराला भोकं पडली होती.

तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "मंजू, तू विचारत का नाहीस?"

"काय?"

"आबांचं."

"नाही विचारायचं मला."

"ते काही बोललेच नव्हते."

हत्यारांची किणकिण थांबली. हत्तरगी खट्याळ असले तरी असंस्कृत नाहीत. त्यांनी लगेच सिस्टरांकडे टाक्याचा दोरा मागितला आणि मोठ्याने मागितला.

"ते तासभर गप्प पडून होते," शीतल म्हणाला. त्याचा आवाज अगदी सहज होता, जेवायला काय केलंयस असं विचारावं तसा. "एकदा पाणी मागितलं. एवढंच. तुझ्याबद्दल काही नाही, माझ्याबद्दल काही नाही. मी बाहेर आलो आणि तू दारात उभी होतीस. इतक्या आशेनं विचारलंस की मला 'काही नाही' म्हणवेना. म्हणून नियम सांगितला. मग दर वेळी तोच सांगत आलो. तुला वाईट वाटेल याची फार भीती वाटायची मला."

पडद्यावरची रेघ आडवीच होती.

मी काय केलं ते मला नीट आठवतं. मी म्हटलं, "बरं." मास्क ओला व्हायला लागला होता. इतकी वर्षं मी आबांच्या वतीने वाक्यं रचत आले होते. मन खट्टू असलं की कडू वाक्यं, सणासुदीला गोड वाक्यं. एकदा तर त्यांच्या तोंडी माझी माफीसुद्धा घातली होती. ती सगळी माझीच होती. वाईट वाटलं, फार वाटलं. आणि त्या वाईटाच्या खाली, खोटं कशाला सांगू, बरंही वाटत होतं. कुठेतरी माझ्याविरुद्धचं एक वाक्य जपून ठेवलेलं आहे या धाकात मी जगले होते, आणि तसं वाक्य नव्हतंच.

"रडतेस?" शीतलने विचारलं.

"होय."

"हं. रड मग. जाळी बसवून होईपर्यंत वेळ आहे."

*

खोलीत आणल्यावर शीतलला उशीला टेकवून बसवलं. औषध उतरलं होतं. आठी परत आपल्या जागी आली होती. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार लक्ष देऊन बघत होता. जुनी भूल असती तर त्याला काही आठवलं नसतं आणि मला काही बोलावं लागलं नसतं. आता दोघांनाही सगळं ठाऊक होतं.

मी मऊ भात कालवला आणि चमचा त्याच्या पुढे धरला. त्याने मुकाट्याने तोंड उघडलं.

"रागावलीस?" दुसऱ्या घासाला त्याने विचारलं.

"थोडी. उद्यापर्यंत राहील."

"बरं."

"मला एक सांग," मी म्हटलं. "आबा बोलले नाहीत, मग तुझे डोळे लाल कशाने झाले होते?"

तो पुन्हा कॅलेंडरकडे वळला. आता त्याच्या मदतीला कुठलं औषध नव्हतं. यंत्राचा पडदा नव्हता म्हणून, नाहीतर रेघ छताला लागलेली दिसली असती. मी चमचा वाटीत ठेवला आणि थांबले.

"मीच बोललो," तो शेवटी म्हणाला.

"कुणाशी?"

"आबांशी. ते पडले होते डोळे मिटून. मी एकटाच उशाशी. म्हटलं, यांना काही आठवायचं तर नाहीच. इतकी वर्षं चहा पीत समोर बसत होतो, पण बोलायची छाती झाली नव्हती. म्हणून बोललो."

"काय बोललास?"

"फार काही नाही." तो मिशीवरून हात फिरवायला लागला. "म्हटलं, आबा, मंजू आमच्या घरी मोठ्यानं हसते. तुमच्याकडे हसायची का मला माहीत नाही. पण आमच्याकडे हसते. शेजारचे पाटील तक्रार करतात, इतकं हसते. एवढंच सांगायचं होतं तुम्हाला."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

"मग?"

"मग काय? ते 'हं' म्हणाले."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. शीतल घाईघाईने पुढे सांगायला लागला, "पण मंजू, ते तू धरून बसू नकोस. मी तुला उगीच आशा लावणार नाही. त्या डोसला माणूस कशालाही 'हं' म्हणतो. पुस्तकात तसं लिहिलंय."

मी वाटी उचलली आणि पुढचा घास त्याच्या तोंडात कोंबला.

"तू मला विज्ञान शिकवू नकोस," मी म्हटलं. "माझा बाप कशालाही 'हं' म्हणत नव्हता."